सीडी४ ६८, डोळ्याच्या पडद्यावर कापसासारखे ठिपके. एचआयव्हीमुळे पडद्याचा रक्तपुरवठा कमी होतो का?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. वय ४६, सांगली जिल्हा, द्राक्षबाग आहे. मध्यंतरी वजन उतरत गेलं, तोंडात पांढरी बुरशी आली, ताप जाईना. तपासण्या केल्या तर एचआयव्ही निघाला. सीडी४ (रोगप्रतिकारक पेशींचा आकडा) ६८. एआरटी (एचआयव्हीवरच्या औषधोपचाराच्या) सेंटरला नाव घातलं, टीएलडीची, म्हणजे तीन औषधं एकत्र असलेली गोळी सुरू होऊन महिना होत आला. टीबीची तपासणी झाली, टीबी नाही. मिसेसचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, तेवढं एक बरं झालं.

आता मूळ प्रश्न. जवळचं वाचायचा चष्मा बदलायचा म्हणून डोळ्याच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांनी थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या आणि बराच वेळ आत बघत बसले. मग म्हणाले, "शुगर आहे का? बीपी?" दोन्ही नाही. उपाशीपोटी साखर ९४, बीपी १२४/८०. म्हणाले, दोन्ही पडद्यांवर कापसासारखे पांढरे ठिपके आहेत, उजवीकडे तीन-चार, डावीकडे दोन, आणि उजवीकडे रक्ताचा एक बारीक डाग. कागदावर लिहून दिलं: "कॉटन वूल स्पॉट्स. कारण शोधावे. रेटिना तज्ज्ञांना दाखवावे."

एचआयव्हीचं मी तिथं बोललो नाही. शेजारच्या खुर्चीवर गावातलाच माणूस डोळ्यात थेंब घालून बसला होता.

मला दिसतं व्यवस्थित. तक्त्यावरची शेवटची ओळ दोन्ही डोळ्यांनी वाचली. पण नेटवर वाचलं की एचआयव्हीत पडद्याचा रक्तप्रवाह मंदावतो, आणि दुसरीकडे वाचलं की एचआयव्हीत आंधळेपणा येतो. ह्या दोन गोष्टी एकच का? ते ठिपके म्हणजे विषाणू डोळ्यात शिरला असं समजायचं का? आणि रेटिनावाल्या डॉक्टरांना आजार सांगायलाच पाहिजे का? जाणकारांनी कृपया सांगावं. रात्री झोप लागत नाही.

सुईदोरा

दादा, आधी पाणी प्या आणि थोडं शांत व्हा. मी २००५ पासून एआरटीवर आहे. मला सुरू झाली तेव्हा माझा सीडी४ तुमच्यापेक्षाही कमी होता, आणि असेच ठिपके माझ्याही पडद्यावर निघाले होते. पुढच्या तपासणीत ते विरले होते. आज मी कोल्हापुरात ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते, घर चालवते. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, कित्येक वर्षं सापडतच नाही इतका कमी आहे.

एक गोष्ट मात्र इथे डॉक्टर असतील तर मलाही विचारायची आहे. माझी नजर तक्त्यावर पूर्ण येते. तरी दिवेलागणीनंतर काळा दोरा आणि नेव्ही ब्लू दोरा मला ओळखू येत नाही. दोन्ही रिळं दारात नेऊन उजेडात धरावी लागतात. गडद कापडावर गडद टीप मारायची असेल तर मी ते काम सकाळीच उरकते. जिना उतरताना शेवटची पायरी आणि फरशी एकच वाटते. चष्म्याच्या दुकानात सांगितलं, नंबर बरोबर आहे, वयाचं आहे. पण हे चाळिशीच्या आधीपासूनचं आहे. ह्याचा त्या ठिपक्यांशी संबंध असू शकतो का?

पडदा_ओपीडी

मी रेटिनाची डॉक्टर आहे, बरीच वर्षं एचआयव्ही असलेल्या लोकांचे पडदे तपासते आहे. दोघांनाही उत्तर देते. लांब होईल, पण हा विषय दोन ओळीत उरकून टाकण्यातला नाही.

कृष्णाकाठ, झोप उडवणाऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. तुमच्या कागदावर जे लिहिलंय त्या ठिपक्यांनी नजर जात नाही. एचआयव्हीत आंधळेपणा येतो तो मुख्यतः दुसऱ्याच आजाराने, त्याच्याकडे खाली येते. रक्तप्रवाह मंदावणं आणि तो आजार ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फक्त दोन्ही सीडी४ खाली गेल्यावर उगवतात, म्हणून लोक त्यांची गल्लत करतात.

ठिपका म्हणजे काय? पडद्याच्या आतल्या बाजूच्या थरात मज्जातंतूंचे अतिशय बारीक धागे पसरलेले असतात. असे दहा लाखांच्या आसपास धागे एकत्र येऊन डोळ्याची नस बनते आणि मेंदूकडे जाते. प्रत्येक धाग्यातून पेशीला लागणारा माल अखंड पुढे-मागे सरकत असतो. त्याला ताकद लागते आणि ती रक्तातून येते. तुमच्या बागेत ठिबकचा एखादा ड्रिपर चोंदला की लॅटरल चालू असूनही तेवढ्याच वेलाच्या बुडाशी माती कोरडी पडते, तसंच इथे होतं. मोठ्या रक्तवाहिन्या व्यवस्थित वाहत असतात, एखादी केशवाहिनी बंद पडते, आणि तिच्यावर जगणाऱ्या चिमुकल्या पट्ट्यातल्या धाग्यांची वाहतूक अडते. माल साचतो, धागे फुगतात, आणि तो फुगवटा आम्हाला भिंगातून पांढरा, कडा विसविशीत असलेला ठिपका दिसतो. तो पू नाही, बुरशी नाही, आणि तिथे विषाणूने घर केलंय असंही नाही. काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत तो विरतो. क्वचित एखाद्याला वाचताना एक अक्षर पुसट वाटतं, बहुतेकांना काहीच जाणवत नाही. तुम्हाला जाणवलं नाही ते म्हणूनच.

आता केशवाहिनी बंद का पडते. पडद्यातल्या सगळ्यात बारीक वाहिन्या ५ ते ७ मायक्रॉन रुंदीच्या असतात. लाल पेशी ७ ते ८ मायक्रॉनची. म्हणजे निरोगी माणसातही ती अंग दुमडूनच पुढे जाते. पांढरी पेशी तर आणखी मोठी, आणि मुळातच कमी लवचीक. एवढ्या अरुंद जागेत रक्त जरा जरी दाट झालं किंवा पेशी जरा जरी ताठरल्या तरी वेग पडतो. एचआयव्ही बळावला की नेमकं तेच होतं. रक्तातलं फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारं प्रथिन) आणि प्रतिपिंडांचं प्रमाण वाढतं, त्यामुळे लाल पेशी एकमेकींना चिकटून जथ्याने फिरतात. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी नेहमीपेक्षा ताठ होतात. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या गॅरी हॉलंड यांच्या गटाने एड्समधली डोळ्यांची लक्षणं १९८२ मध्येच नोंदवली होती, आजाराला नीट नावही पडलं नव्हतं तेव्हा. त्याच गटाने पुढे रक्ताचा हा दाटपणा मोजला, आणि २००० साली पांढऱ्या पेशींचा ताठपणाही मोजून दाखवला. तिसरी गोष्ट वाहिनीच्या भिंतीची. शवविच्छेदनात पाहिलेल्या पडद्यांत आतलं अस्तर सुजलेलं, भिंत जाड झालेली आणि तिला आधार देणाऱ्या पेशी झडलेल्या सापडल्या. मधुमेहातही ह्याच आधाराच्या पेशी झडतात, म्हणून तुमच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न शुगरचा विचारला. त्यांनी योग्यच विचारलं.

ह्या सगळ्याला आम्ही एचआयव्ही रेटिनोपॅथी किंवा मायक्रोअँजिओपॅथी म्हणतो. चांगली औषधं येण्यापूर्वी एड्सच्या टप्प्यावर पोचलेल्या निम्म्या लोकांत, काही ठिकाणी त्याहून जास्त लोकांत, हे ठिपके दिसायचे. सीडी४ १०० च्या खाली असेल तर आजही दिसतात. वर चढला की दुर्मिळ होतात. ह्या ठिपक्यांवर थेंब, इंजेक्शन, लेसर असलं काही लागत नाही. तुमची एआरटीची गोळी हाच त्यांचा इलाज. कोणी "पडद्याचं रक्त वाढवणारं" टॉनिक विकायला लागलं तर पैसे घालवू नका.

तरी दोन तपासण्या करून घ्या. हिमोग्लोबिन, कारण ते फार उतरलं असेल तर एकट्या त्यानेही असे ठिपके येतात. आणि सिफिलिसची रक्तचाचणी, तोही पडद्याला सूज आणतो आणि पूर्ण बरा होतो. एआरटी सेंटरला बहुधा दोन्ही झालेल्या असतील, तुमचं बुक उघडून बघा.

आता त्या दुसऱ्या आजाराबद्दल, आणि इथे माझं शांतपणे ऐका. त्याचं नाव सीएमव्ही रेटिनायटिस. सायटोमेगॅलो हा विषाणू आपल्यापैकी बहुतेकांच्या अंगात लहानपणापासून झोपलेला असतो. सीडी४ ५० च्या खाली गेला की तो जागा होऊन पडदाच पोखरतो. सुरुवात कडेला झाली तर माणसाला पत्ताही लागत नाही. दुखत नाही, डोळा लाल होत नाही. मग काळे ठिपके तरंगायला लागतात, कोपऱ्यात वीज चमकल्यासारखं होतं, एका बाजूने सावली येते. तोवर बराच पडदा गेलेला असतो, आणि गेलेला परत आणता येत नाही. औषध आहे: डोळ्यात गॅन्सिक्लोव्हिरची इंजेक्शनं, सोबत व्हॅलगॅन्सिक्लोव्हिरच्या गोळ्या. वेळेत दिलं तर उरलेला पडदा वाचतो.

मला ज्याचं दुःख होतं ते सांगते. गोळी सुरू झालेली, सीडी४ चढत चाललेला, वजन भरत आलेलं, सगळे खूश, आणि पडदा मात्र एकदाही कोणी पाहिलेला नाही, असे लोक माझ्याकडे एक डोळा गेल्यावर येतात. बहुतेक तरुण असतात. दहा मिनिटांची तपासणी होती. गोळी सुरू झाल्यावर पहिले काही महिने शरीराची ताकद परत येत असते, आणि लपलेला सीएमव्ही त्याच काळात सूज होऊन उफाळू शकतो. म्हणून "गोळी सुरू झाली, आता काळजी नाही" असं डोळ्याच्या बाबतीत लगेच म्हणता येत नाही.

सुरुवातीचा छोटा सीएमव्ही आणि कापसाचा ठिपका कधीकधी सारखे दिसतात. फरक वेळ सांगतो. ठिपका विरत जातो, सीएमव्हीचा डाग पसरत जातो, त्याच्या कडा दाणेदार असतात, आणि तो बऱ्याचदा रक्तवाहिनीच्या कडेने रक्तस्राव घेऊन पुढे सरकतो. म्हणून दोन-तीन आठवड्यांत पडदा पुन्हा पाहायला हवा. बाहुल्या मोठ्या करून, इन्डायरेक्टने, म्हणजे डोक्याला लावलेल्या दिव्याने, पार कडेपर्यंत. तुमचा सीडी४ ६८ आहे, ५० च्या उंबरठ्याजवळच. हे काम ह्या आठवड्यात करा.

सुईदोरा, तुमच्या तक्रारीला वयाचं म्हणून बाजूला सारायला नको होतं. तक्ता पांढऱ्यावर काळा असतो. तो वाचता येणं आणि काळ्यावर निळं ओळखता येणं ही दोन निराळी कामं आहेत. पूर्वी सीडी४ फार खाली जाऊन आलेल्या काही लोकांत पडद्याला सीएमव्ही न होताही रंगभेद आणि फिकट-गडद ओळखण्याची ताकद कमी झालेली सापडते. अमेरिकेत १९९८ पासून चाललेल्या एका मोठ्या दीर्घ अभ्यासात हे नीट नोंदलं गेलं. ओसीटी, म्हणजे पडद्याच्या थरांचा स्कॅन काढला तर मज्जातंतूंचा थर पातळ दिसू शकतो. केशवाहिन्या पुन्हा पुन्हा बंद पडल्या की धागे हळूहळू कमी होत जातात, हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. तुम्ही पेली-रॉबसन तक्त्यावर तपासणी मागा. त्यात सगळी अक्षरं सारख्याच आकाराची असतात, फक्त खाली जाता जाता फिकट होत जातात. सोबत रंगांची चाचणी आणि ओसीटी. मोतीबिंदूची सुरुवात आणि काचबिंदू हे दोन्हीही बघायला सांगा, त्यांनीही असंच होतं. आणि आधी कधी टीबीचा कोर्स झाला असेल तर तेही सांगा, कारण एथॅम्ब्युटॉल हे औषध डोळ्याच्या नसेला त्रास देऊ शकतं आणि त्यात रंग आधी बिघडतात.

गेलेले धागे परत येत नाहीत. पण तुमचा लोड दबलेला आहे, त्यामुळे पुढची झीज मंदावते. मशीनवर पांढऱ्या उजेडाचा दिवा सुईच्या अगदी जवळ, डाव्या बाजूने लावा. रिळांवर चिठ्ठी चिकटवा. जिन्याच्या शेवटच्या पायरीच्या कडेला पिवळी पट्टी मारून घ्या.

सुईदोरा

मॅडम, टीबीचा कोर्स झाला होता, एआरटीच्या आधी. हे मला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. ओसीटीला पुढच्या आठवड्यात जाते. पिवळी पट्टी मुलगा आजच मारतो म्हणतोय.

कृष्णाकाठ

मॅडम, ठिबकचं बोललात आणि एकदम डोक्यात बसलं. आज फोन करून नंबर लावला. एक शंका राहिली. बागेत निळ्या आभाळाकडे टक लावून बघितलं की बारीक चमकणारे ठिपके वळणं घेत पळताना दिसतात. परवापासून सारखं तेच बघतोय. हे सीएमव्हीचं तर नाही ना?

पडदा_ओपीडी

नाही. ते सगळ्यांना दिसतं, मलाही दिसतं. तुम्ही स्वतःच्याच पांढऱ्या पेशी बघताय.

निळा उजेड लाल पेशी शोषून घेतात. पांढरी पेशी घेत नाही, तिच्यातून तो आरपार जातो. त्यामुळे केशवाहिनीतून एक पांढरी पेशी गेली की तिच्या मागच्या पडद्यावर क्षणभर जास्त उजेड पडतो आणि तुम्हाला चमकता ठिपका पळताना दिसतो. नाडीवर बोट ठेवून बघा, ठिपके ठोक्याबरोबर किंचित वेग घेतात. नजरेच्या अगदी मधोमध ते येत नाहीत, कारण पडद्याच्या मध्यबिंदूवर रक्तवाहिन्याच नसतात. डोळ्यांच्या संशोधनात ह्याच गोष्टीचा उपयोग करून पडद्यातला पांढऱ्या पेशींचा वेग मोजतात. निळा प्रकाश दाखवायचा, पडद्यावर कृत्रिम ठिपके पळवायचे, आणि माणसाने स्वतःला दिसणाऱ्या ठिपक्यांशी त्यांचा वेग जुळवायचा. घरी मात्र ह्यावरून रक्तप्रवाह चांगला की वाईट ठरवत बसू नका, तेवढं ते नेमकं नसतं.

काळजीचं कोणतं ते ओळखायला सोपं आहे. काळे किंवा करडे ठिपके, जाळी, धागे, जे निळं आभाळ सोडून पांढऱ्या भिंतीवरही दिसतात, डोळा फिरवला की मागे मागे येतात, आणि अचानक वाढले आहेत. किंवा अंधारात वीज चमकणं. किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखी सावली. ह्यातलं एकही झालं तर नंबरची वाट बघू नका, त्याच दिवशी जा. रोज सकाळी एक-एक डोळा झाकून कॅलेंडरचा एकच चौकोन बघायची सवय लावा. दोन्ही डोळे उघडे ठेवले तर चांगला डोळा वाईटाची चूक झाकून टाकतो.

पांढरं_कार्ड

एआरटी सेंटरला काउन्सेलर होतो, आता निवृत्त. दादांचा एक प्रश्न राहूनच गेला: सांगायचं की नाही. माझं मत स्पष्ट आहे, रेटिनाच्या डॉक्टरांना सांगा, सीडी४ च्या आकड्यासकट. तो आकडा माहीत नसेल तर ते शुगर आणि बीपीच्या मागे आठवडे घालवतील, आणि कडेचा पडदा तितक्या बारकाईने बघितला जाईलच असं नाही.

पण कुठे सांगायचं ते तुमच्या हातात आहे. नाव पुकारल्यावर आत गेल्यावर म्हणा, "डॉक्टर, एक गोष्ट एकट्यात सांगायची आहे." थेंब घालून बाहेर बाकावर बसवतात तिथे बोलायची गरज नाही. एआरटीचं बुक लिफाफ्यात घालून न्या. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार एचआयव्हीमुळे उपचार नाकारता येत नाहीत, आणि काही अपवाद सोडले तर तुमची माहिती तुमच्या संमतीशिवाय दुसऱ्याला देता येत नाही. फाईलच्या मुखपृष्ठावर लाल शाईने लिहू नका, असं सांगायचा तुम्हाला हक्क आहे. कुठे अडवलं तर १०९७ ला फोन करा, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. आणि एआरटीच्या डॉक्टरांकडूनच रेटिनासाठी चिठ्ठी घ्या, पुष्कळ प्रश्न तिथेच मिटतात.

कृष्णाकाठ

मंडळी, दाखवून आलो. चिठ्ठी घेऊन गेलो होतो, आत गेल्यावर दार लोटून घेतलं आणि सगळं सांगितलं. डॉक्टरांनी नुसती मान हलवली आणि म्हणाले, बरं झालं सांगितलंत. झोपवून डोक्याच्या दिव्याने दोन्ही डोळे कडेपर्यंत बघितले, "वर बघा, उजवीकडे बघा, खाली बघा" असं करत. उजेड सहन होत नव्हता पण बघू दिलं. पडद्याचे फोटोही काढले. सीएमव्ही नाही. उजवीकडचे दोन ठिपके फिके पडलेत म्हणाले, रक्ताचा डाग तसाच आहे. हिमोग्लोबिन ९.२ निघालं, त्याचं औषध एआरटीच्या डॉक्टरांनी सुरू केलंय. सिफिलिस निगेटिव्ह. तीन आठवड्यांनी परत बोलावलंय.

मॅडम, त्यानंतर किती दिवस हे चालू ठेवायचं?

पडदा_ओपीडी

छान बातमी. तीन आठवड्यांची तपासणी चुकवू नका, ठिपके पूर्ण विरलेत का हे तेव्हाच कळेल. काढलेले फोटो मागून घ्या, पुढच्या वेळी शेजारी ठेवून तुलना करता येते. त्यानंतर दर तीन महिन्यांनी, सीडी४ १०० च्या वर जाऊन तिथे टिकेपर्यंत. पुढे वर्षातून एकदा पुरे. मध्येच टीबीची औषधं सुरू करावी लागली तर सुरुवातीलाच रंगांची चाचणी करून नोंद ठेवायला सांगा. सहा महिन्यांनी व्हायरल लोड होईल, त्याचा कागद डोळ्यांच्या फाईलमध्येही लावा.